ज्या गावावरून जिल्ह्याला नाव पडलं ते गावच नाहीये! (रॉक्सबराशायर, स्कॉटलंड)

सांजवात

मंडळी, गेली काही वर्षं एडिनबरात आहे. सुट्टीच्या दिवशी सगळे उत्तरेला पळतात. हायलँड्स, लॉख नेस, स्काय बेट. आम्हीही पळायचो. या वेळी ठरवलं की उलट्या दिशेला, म्हणजे इंग्लंडच्या सीमेकडे जायचं. एडिनबरा-ट्वीडबँक गाडीला जेमतेम तास लागतो. पुढे बसने केल्सो.

मला बघायचं होतं रॉक्सबरा. स्कॉटलंडच्या जुन्या तेहेतीस काउंट्यांपैकी रॉक्सबराशायर ही एक, चेविअट डोंगरांच्या कुशीतली, इंग्लंडला खेटलेली. (काउंटीला मी सरळ जिल्हा म्हणतेय, चूभूद्याघ्या.) बाराव्या शतकात रॉक्सबरा हे देशातल्या पहिल्या चार शहरांत होतं. एडिनबरा, स्टर्लिंग, बेरिक आणि रॉक्सबरा या चौघांचं मिळून व्यापाराचे तंटे सोडवणारं एक न्यायपीठ होतं. इथे राजाची टांकसाळ होती, किल्ला होता, चर्चं होती, बाजारपेठेला आणि गल्ल्यांना नावं होती. जुन्या दानपत्रांत ती नावं अजून वाचायला मिळतात.

केल्सोहून ट्वीड नदी ओलांडून रस्त्याने चालत गेले. डावीकडे टिव्हिअट नदी, उजवीकडे ट्वीड, मधे चिंचोळी सपाट जमीन. आणि त्या जमिनीवर काय, तर मेंढ्या! एक उंच टेकाड आहे, त्यावर किल्ल्याच्या भिंतीचे दोन-चार तुकडे झाडीतून डोकावतात. शहराचा एक दगडसुद्धा जमिनीवर नाही. नदीपलीकडे फ्लोअर्स कॅसलचे मनोरे दिसत राहतात, त्यामुळे इकडचं रिकामपण जास्तच डोळ्यात भरतं. आत्ता नकाशात रॉक्सबरा म्हणून जे खेडं दिसतं, ते तिथून दोनेक मैलांवरचं वेगळंच गाव आहे. पुणे जिल्हा आहे पण पुणं नाही, अशी कल्पना करून बघा.

हे झालं कसं? शहराचं पोट लोकरीवर होतं. मठांच्या मेंढ्यांची लोकर इथे गोळा व्हायची, ट्वीडच्या मुखाशी बेरिक बंदरात जायची आणि तिथून समुद्रापार फ्लँडर्सच्या विणकरांकडे. पुढे इंग्लंडशी लढाया सुरू झाल्या. बेरिक तेरा वेळा या हातातून त्या हातात गेलं. रॉक्सबराचा किल्ला चौदाव्या शतकापासून बहुतेक काळ इंग्रजांच्या ताब्यात. बंदर परक्याचं, किल्ला परक्याचा, मग व्यापारी कशाला राहतोय? शेवटचा घाव १४६० सालचा. राजा दुसरा जेम्स किल्ल्याला वेढा घालून बसला होता. त्याला तोफांचं भारी वेड. ३ ऑगस्टला शेजारी उभं राहून तोफ डागायला लावली, ती फुटली, आणि तिशीही न गाठलेला राजा जागीच गेला. राणीने वेढा उठवला नाही. किल्ला घेतला आणि तो पुन्हा शत्रूच्या कामी येऊ नये म्हणून पाडून टाकला. उरलीसुरली वस्ती हळूहळू विरली. या जागेवर सेंट जेम्सची जत्रा मात्र पुढे कित्येक शतकं भरत राहिली. शहर मेलं तरी जत्रा चालू, हे मला फार आवडलं.

आता दुसरी गंमत. १९७५ साली स्थानिक कारभाराची फेररचना झाली आणि ही काउंटीही प्रशासनातून गेली. आधी ‘बॉर्डर्स’ विभागातला एक तालुका म्हणून नाव टिकलं, १९९६ मध्ये तेही संपलं. आता सगळं मिळून ‘स्कॉटिश बॉर्डर्स’. म्हणजे गाव नाही आणि जिल्हाही नाही. पण बसस्टॉपवर एका आजोबांना मी विचारलं, “तुम्ही बॉर्डर्सचेच का?” तर म्हणाले, “रॉक्सबराशायर.” आणि पुढे बराच वेळ काही बोलले नाहीत.

आणखी कुणी त्या बाजूला गेलंय का? माहिती असेल तर भर घाला.

---

डोंगरभाऊ

छान लिहिलंय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

उच्चार बरोबर दिलेत म्हणून विशेष आभार. बर्‍याच जणांना माहीत नसतं की शेवटचा ‘बर्ग’ तिथे ‘बरा’ होतो. जेडबरा, रॉक्सबरा, एडिनबरा. आणि हॉइक गावाचं स्पेलिंग बघून ‘हाविक’ म्हणालात तर गावकरी प्रेमाने चहा पाजतील पण मनातून हसतील.

---

बखरकार

सांजवात, लेख उत्तम, पण रीव्हरांशिवाय (म्हणजे सीमेवरच्या गुरं पळवणार्‍या लुटारूंशिवाय) बॉर्डर म्हणजे मीठ विसरलेली आमटी. थोडी भर.

तेराव्या शतकाच्या अखेरीपासून १६०३ पर्यंत दोन्ही राज्यांची सैन्यं हाच पट्टा तुडवत गेली. पेरलेलं हाती येईल याची खात्री नसेल तर माणूस पेरतच नाही. पळवता येईल असं धन फक्त गुरंढोरं. मग आर्मस्ट्राँग, एलियट, स्कॉट, केर, टर्नबुल, रदरफर्ड अशा घराण्यांनी तोच धंदा केला. रात्री घोड्यावरून निघायचं, सीमेपलीकडची (आणि सोयीचं असेल तर अलीकडचीही) गुरं हाकत आणायची. देशाभिमान वगैरे फारसा नव्हता, कुळाचा अभिमान होता.

यात मला सगळ्यात मजेशीर वाटतो तो कायदा. सीमेचे तीन ‘मार्च’ पाडलेले, पूर्व, मध्य आणि पश्चिम. दोन्ही बाजूंना प्रत्येकाचा एक वॉर्डन. सीमेचे नियम १२४९ मध्येच लिहून काढलेले होते. चोरी झाली की सहा दिवसांच्या आत तुम्ही कायदेशीरपणे सीमा ओलांडून पाठलाग करू शकायचात, पण उघडपणे. भाल्याच्या टोकावर जळतं पीट, म्हणजे दलदलीतल्या मातीचं वाळवलेलं ढेकूळ, लावायचं, कुत्री भुंकवत जायचं, म्हणजे वाटेतल्यांना कळावं की हे चोर नव्हेत, चोरामागे लागलेत. याला ‘हॉट ट्रॉड’ म्हणत. वॉर्डन लोक ठरलेल्या दिवशी सीमेवर भेटून तक्रारींचा निवाडा करत. १५७५ मध्ये आत्ताच्या कार्टर बार खिंडीजवळ अशाच एका तहाच्या दिवशी बोलाचाली झाली आणि निवाड्याची लढाई झाली. जेडबराची माणसं ऐनवेळी पोचली म्हणून स्कॉट जिंकले. ती रेडस्वायरची चकमक. आज त्याच खिंडीत गाड्या थांबवून लोक एक पाय स्कॉटलंडात आणि एक इंग्लंडात ठेवून फोटो काढतात.

१६०३ मध्ये सहावा जेम्स दोन्ही देशांचा राजा झाला. त्याच्या लेखी सीमाच उरली नाही, म्हणून त्याने या भागाचं नाव बदलून ‘मिडल शायर्स’ केलं आणि रीव्हरांना धडाधड फासावर दिलं. आधी लटकवायचं आणि मग खटला चालवायचा, याला अजूनही ‘जेडबराचा न्याय’ म्हणतात.

---

सांजवात

@बखरकार, मीठ आता पुरेसं पडलं. :) जळत्या पीटचं माहीत नव्हतं.

जेडबराला एक जुनं घर आहे, स्कॉट्सची राणी मेरी १५६६ मध्ये तिथे राहिली होती असं मानतात. त्याचा जिना उलटा फिरतो. केर घराण्यात डावखुरे फार, जिन्यात उभं राहून डाव्या हाताने तलवार चालवता यावी म्हणून असे जिने, असं सांगतात. खरं-खोटं केर जाणोत. पण स्थानिक बोलीत डावखुर्‍याला त्यांच्याच नावावरून शब्द आहे, एवढं नक्की.

---

बखरकार

जिन्याची ती दंतकथाच समजा. मेरीची घोडदौड मात्र खरी. जेडबरात न्यायालय भरवायला आली होती. तिकडे लिड्सडेलच्या खोर्‍यात तिचा सरदार बॉथवेल एका रीव्हरच्या हातून जखमी होऊन हर्मिटेज किल्ल्यात पडलेला. ही त्याला भेटायला गेली आणि त्याच दिवशी परत आली. जाऊन-येऊन पन्नासेक मैल, ऑक्टोबरातलं हवामान, डोंगर आणि दलदल. आल्यावर तापाने इतकी फणफणली की वाचेल असं कुणाला वाटलं नव्हतं. पुढे कैदेत असताना ‘जेडबरातच मेले असते तर बरं झालं असतं’ असं म्हणाली, असं सांगतात.

हर्मिटेज जरूर बघा. खिडक्या जवळजवळ नाहीतच, नुसती भिंत. इतकी रागावलेली इमारत मी दुसरी पाहिली नाही.

---

दगडधोंडे

सगळे राजेराण्यांमध्ये रमलेत, जरा खाली जमिनीकडे बघा की. :)

जेडबराच्या बाहेर इंचबॉनी म्हणून जागा आहे, जेड नदीच्या काठावर. १७८७ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ जेम्स हटनला तिथल्या कड्यात एक विचित्र गोष्ट दिसली. खाली करड्या खडकाचे थर, पुस्तकं कपाटात उभी ठेवावीत तसे उभे. त्यांच्यावर लाल वाळूखडकाचे थर, ते मात्र आडवे. विचार करा. आधी समुद्राच्या तळाशी गाळ साचला, त्याचा खडक झाला, तो वाकून उभा झाला, वर उचलला गेला, झिजून सपाट झाला, मग त्यावर नव्याने वाळू साचून तिचाही खडक झाला. पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं मानणार्‍या काळात हे बघून माणसाला काय वाटलं असेल! त्या दोन थरांमधल्या एका रेघेत कोट्यवधी वर्षं गडप झालेली आहेत. पुढच्याच वर्षी त्याने शेजारच्या बेरिकशायरच्या किनार्‍यावर सिकर पॉइंटला तेच पाहिलं. प्रसिद्धी सिकर पॉइंटला मिळाली, पण इंचबॉनी त्याच्या आधीचं.

बखरकारांसाठी आणखी एक. हे करडे खडक ज्या समुद्राच्या तळाचे, त्याला आता आयापेटस म्हणतात. त्याच्या एका काठावर आजचा स्कॉटलंड होता आणि दुसर्‍या काठावर इंग्लंड. सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वी समुद्र मिटला आणि दोन भूखंड एकमेकांना चिकटले. ती शिवण साधारण आजच्या सीमेच्या आसपासच, जमिनीखाली आहे. तुमचे वॉर्डन लोक बरेच उशिरा आले.

मेलरोजजवळच्या आयल्डनच्या तीन टेकड्याही ज्वालामुखीच्या रसाच्या. रस वर येता येता जमिनीखालीच थिजला, नंतर वरचं आवरण झिजून गेलं. उंची जेमतेम ४२२ मीटर, पण सगळीकडून दिसतात. रोमन लोकांनी पायथ्याशी छावणी टाकली तिचं नावच ट्रिमाँटियम, म्हणजे तीन डोंगरांची जागा. उत्तरेच्या टेकडीवर रोमनांच्याही आधीच्या मोठ्या वस्तीच्या खुणा आहेत. झोपड्यांचे तीनशेच्या घरात ओटे मोजलेत.

---

एकमार्क

माफ करा, जरा अवांतर. मी राज्यसेवेचा अभ्यास करतोय. नकाशा उघडून वाचत होतो तर हॉइक आणि जेडबराच्या मधे ‘मिंटो’ नावाचं गाव दिसलं. हा मोर्ले-मिंटो सुधारणा १९०९ वाला मिंटो आहे का??

---

बखरकार

तोच. आणि अवांतर अजिबात नाही.

एलियट हे वर सांगितलेल्या रीव्हर घराण्यांपैकी एक. त्यातली एक शाखा मिंटोची. पहिला लॉर्ड मिंटो १८०७ ते १८१३ गव्हर्नर-जनरल. त्याचा पणतू, चौथा अर्ल, १९०५ ते १९१० व्हाइसरॉय. टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवलं ते याच्याच कारकिर्दीत. गुरं पळवणार्‍यांचे वंशज तीन शतकांत कुठे पोचले बघा. मिंटो हाउस मात्र आता नाही, १९९० च्या दशकात पाडलं. या जिल्ह्याला नाहीसं होण्याची सवयच आहे.

मिंटोपासून हाकेच्या अंतरावर डेनम नावाचं खेडं आहे. तिथला जॉन लेडन, मेंढपाळाच्या घरातला. डॉक्टरी शिकून १८०३ मध्ये मद्रासला आला आणि भाषांच्या मागे वेडा झाला. त्याआधी कवी-कादंबरीकार वॉल्टर स्कॉटला सीमेवरचे पोवाडे गोळा करायला त्याने मदत केली होती. पहिल्या मिंटोबरोबर जावाच्या मोहिमेवर गेला आणि १८११ मध्ये तिथेच तापाने वारला. बाबराच्या आठवणींचं त्याचं अर्धवट भाषांतर मुंबईत राहिलेल्या विल्यम अर्स्किनने पुरं केलं, ते १८२६ मध्ये छापलं गेलं. याच डेनमचा जेम्स मरे, शिंप्याचा मुलगा, चौदाव्या वर्षी शाळा सुटलेली. तो पुढे ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी शब्दकोशाचा संपादक झाला. एका खेड्यातून दोन भाषावेडे!

---

वाईकर_दूरदेशी

मग आमच्या माल्कमला का विसरता? सर जॉन माल्कमही बॉर्डरचाच ना? महाबळेश्वरची बाजारपेठ म्हणजे माल्कम पेठ, लहानपणापासून ऐकतोय.

---

बखरकार

माल्कम बॉर्डरचा, पण शेजारच्या जिल्ह्याचा. लँगमजवळचं बर्नफुट, डम्फ्रीसशायर. १८१८ मध्ये दुसरा बाजीराव शरण गेला तो याच माल्कमला. वर्षाला आठ लाखांचं पेन्शन याने कबूल केलं आणि कलकत्त्याची बोलणी खाल्ली. १८२७ ते १८३० मुंबईचा गव्हर्नर, त्याच काळात महाबळेश्वर थंड हवेचं ठिकाण म्हणून वसवलं. लँगमच्या वरच्या व्हाइटा टेकडीवर त्याचा सुमारे १०० फुटी दगडी स्तंभ आहे. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये पुतळा आहेच. पण रॉक्सबराशायरच्या धाग्यात त्याला बसवता येणार नाही, माफी असावी.

---

वाईकर_दूरदेशी

सीमावाद इथेही आलाच म्हणायचा. :ड

---

डोंगरभाऊ

मिंटो, टिळक, बाजीराव... लोकहो, धाग्याचं काश्मीर होऊ देऊ नका.

---

सुईदोरा

@डोंगरभाऊ, हॉइकमध्ये तर धाग्याचं काश्मीर करूनच लोक पोट भरतात! :)

मी कपड्याच्या व्यवसायात आहे, कामानिमित्त दोनदा हॉइकला गेले. १७७१ मध्ये जॉन हार्डी नावाच्या नगरशेटजींनी तिथे मोजे विणायचे चार माग आणले, तिथून सुरुवात. टिव्हिअट आणि तिला मिळणारी स्लिट्रिग, दोन नद्यांचं पाणी. धुवायला, रंगवायला आणि पुढे चाकं फिरवायला तेच. मोज्यांवरून आतले कपडे, मग स्वेटर, मग कश्मीरी लोकर. इथल्या कंपन्यांपैकी प्रिंगलची स्थापना १८१५ ची, लाइल अँड स्कॉट १८७४ ची. कच्ची लोकर मंगोलिया-चीनच्या बकर्‍यांची, नाव आपल्या काश्मीरचं आणि माल हॉइकचा.

‘ट्वीड’ कापडाचं नाव नदीवरून आलेलं नाही बरं का. तिरक्या विणीला स्कॉट बोलीत ‘ट्वील’ म्हणतात. १८३० च्या सुमारास लंडनच्या कुण्या व्यापार्‍याने पत्रातला शब्द चुकीचा वाचला आणि नाव पडलं, असं सांगतात. कारकुनाच्या अक्षराने जगात नाव काढलं.

आता बर्‍याच गिरण्या बंद आहेत. उरल्यात त्या उत्तम काम करतात, पण बाया वयस्क झाल्यात. स्वेटरचा गळा हाताने जोडणारी एक आजी भेटली, एकेक टाका सुईवर चढवत होती. तिचा वेग मला डोळ्याने पकडता येईना. तिला विचारलं, पुढे कोण करणार हे? तिने मान वर न करता खांदे उडवले.

---

सांजवात

सुईदोरा, किती छान! हॉइकची घोडेस्वारी बघितलीत का? जूनमधली कॉमन रायडिंग?

---

सुईदोरा

एकदा बघितली. १५१३ मध्ये फ्लॉडनच्या लढाईत स्कॉटलंडचा राजा आणि त्याच्याबरोबर गावागावातले कर्ते पुरुष मारले गेले. दुसर्‍या वर्षी इंग्रजांची एक टोळी हॉइकजवळ हॉर्न्सहोलला उतरली. गावात उरलेल्या पोरांनी तिच्यावर हल्ला करून निशाण हिसकावलं. म्हणून दरवर्षी एका अविवाहित तरुणाला ‘कॉर्नेट’ निवडतात आणि तो त्या निशाणाची प्रतिकृती घेऊन गावच्या सामाईक जमिनीची हद्द घोड्यावरून फिरतो. मागे शेकडो घोडे. गावच्या जमिनी बळकावल्या जाऊ नयेत म्हणून हद्द फिरून बघायची जुनी चाल, तिला ही कथा जोडली गेली.

पण बायकांना त्यात घोड्यावर बसायची बंदी होती, हे कुणी आवर्जून सांगत नाही. १९९६ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं, गावात उभी फूट पडली, त्यानंतर कुठे वाट मोकळी झाली. परंपरा म्हटलं की मी आधी विचारते की कोणाला बाहेर ठेवलंय.

---

डोंगरभाऊ

+१ शेवटच्या वाक्याला.

खेळांचं कुणीच बोललं नाही. सात-सात जणांचं रग्बी याच जिल्ह्यात जन्मलं. १८८३, मेलरोज. क्लबाकडे पैसे नव्हते, नेड हेग नावाच्या खाटकाला कल्पना सुचली की छोटे संघ आणि छोटे सामने ठेवून एका दिवसात स्पर्धा उरकू. आता ते ऑलिंपिकमध्ये आहे. आणि जेडबराला फेब्रुवारीत हँड बॉ असतो. अख्खं गाव दोन भागांत, वरचे आणि खालचे, रिबिनी लावलेला कातडी चेंडू, मैदान नाही, नियम जवळजवळ नाहीत. दुकानदार खिडक्यांना फळ्या ठोकतात. पहिला चेंडू म्हणजे एका इंग्रजाचं मुंडकं होतं, असं तुम्हाला तिथे हसत हसत सांगतील.

---

जपमाळ

मठांबद्दल कुणीतरी लिहा ना. लेखात ओझरता उल्लेख आला. चार मोठे मठ आहेत ना या जिल्ह्यात?

---

सांजवात

तीन. केल्सो, मेलरोज, जेडबरा. चौथा ड्रायबरा, जिथे वॉल्टर स्कॉटची समाधी आहे, तो जुन्या हद्दीप्रमाणे बेरिकशायरमध्ये जातो. (बेरिकशायरची आणखी वेगळी तर्‍हा, बेरिक गावच १४८२ पासून इंग्लंडकडे!)

पहिल्या डेव्हिड राजाने ११२८ ते ११३८ या दहा वर्षांत हे तिन्ही उभे केले. सीमेवर इतकी श्रीमंत बांधकामं म्हणजे शेजार्‍याला दाखवलेली ऐट पण होतीच. शेजार्‍याने ती नीट बघितली आणि पुन्हा पुन्हा जाळली. १५४४-४५ ची जाळपोळ सगळ्यात वाईट. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला आपल्या मुलासाठी तान्ही मेरी सून म्हणून हवी होती, स्कॉटांनी नकार दिला, तर त्याने सैन्य पाठवलं. या मागणी घालण्याला लोक ‘दांडगाईची सोयरीक’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात.

मेलरोजला स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याचं हृदय पुरलंय. १३२९ मध्ये तो वारला, हृदय धर्मयुद्धावर न्यावं अशी त्याची इच्छा. जेम्स डग्लस घेऊन निघाला तो स्पेनमध्येच मारला गेला, हृदय परत आलं. १९२१ मध्ये शिशाची डबी सापडली, १९९६ मध्ये पुन्हा काढली, १९९८ मध्ये परत पुरली. आणि छपराकडे बघायला विसरू नका, तिथे बॅगपाइप वाजवणारं डुक्कर कोरलंय. पाथरवटाला कुणाचा राग होता कोण जाणे.

---

जपमाळ

धन्यवाद. आईला घेऊन जायचं आहे, गुडघे दुखतात तिचे. एका दिवसात काय जमेल?

---

सांजवात

ट्वीडबँकला उतरून मेलरोज अगदी जवळ आहे, मठ सपाटीवर आहे, बसायला बाकं आहेत. अ‍ॅबट्सफर्ड, म्हणजे स्कॉटचा वाडा, तोही जवळच. १८११ मध्ये त्याने हे शेत घेतलं तेव्हा लोक त्याला ‘चिखलाचा खड्डा’ म्हणायचे. एवढं एका दिवसाला पुष्कळ झालं. आयल्डन आईंना खालूनच दाखवा.

या गाडीचीही एक कथा आहे. एडिनबरा ते कार्लाइल हा जुना मार्ग जानेवारी १९६९ मध्ये बंद केला. शेवटच्या रात्री न्यूकॅसलटनच्या लोकांनी फाटक लावून गाडी अडवली, त्यांच्या पाद्रीबाबांना पोलिसांनी धरलं. २०१५ मध्ये मार्ग पुन्हा सुरू झाला तो ट्वीडबँकपर्यंतच. हॉइकला अजून बसच.

---

एकमार्क

सांजवात ताई, एक शेवटचा प्रश्न. रॉक्सबराच्या त्या टेकाडावर काही फलक वगैरे आहे का? की माहीत नसलेला माणूस नुसता पुढे निघून जाईल?

---

सांजवात

निघून जाईल. मीसुद्धा आधी पुढे गेले होते आणि परत वळले. पाऊस पडून गेला असेल तर जुने बूट घाला. टेकाडाची चढण निसरडी आहे आणि मेंढ्या हटत नाहीत.